मामांना सपोर्ट नको होता

'हे होणार नाही' एवढे तीन शब्द कानावर पडले की आमच्या मामेसासऱ्यांची तब्येत सुधारते. एरवी डोंबिवलीच्या घरात गुडघे चोळत बसलेले मामा मग ताठ उभे राहतात. नवरात्रात टेंभी नाक्यावर हवालदार म्हणाला, "आजोबा, इकडून बंद." झालं! देवीचं दर्शन राहिलं बाजूला, 'का बंद' यावरच मामा त्याच्याशी वाद घालत राहिले. शेवटी त्यानेच कंटाळून दोरी वर उचलली. डॉक्टरांनी भात बंद सांगितला, त्या दिवशी मामांनी मामींकडून मसालेभात करवून घेतला.

निवृत्तीनंतर त्यांनी जुन्या कॉम्प्युटरवर खटपट करून विंडोजच्या जागी लिनक्स घातलं. "मोकळं आहे, फुकट आहे आणि कुणाच्या बापाचं नाही," हे त्यावरचं त्यांचं भाष्य. मग घरी ब्रॉडबँड घ्यायचं ठरलं. वायर घेऊन आलेल्या माणसाने स्क्रीन पाहिला आणि हातच मागे घेतला. "काका, आमचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं. ह्याला सपोर्ट नाही."

"मला सपोर्ट नकोय, इंटरनेट हवंय!"

मामांनी कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, स्टार्टचं बटन दाबा."

"बटनच नाही."

"डाव्या कोपऱ्यात बघा ना, सर."

"डाव्या कोपऱ्यात माझी बायको बसलीय."

"अहो, घाला की ते विंडोज, सगळं जग वापरतंय," कोपऱ्यातून मामी म्हणाल्या. मामांनी असं काही पाहिलं की त्या उठून भाजी निवडायला गेल्या. संध्याकाळी कंपनीने कळवलं, विंडोज नसेल तर कनेक्शन रद्द.

सकाळी मामांनी मला बोलावलं, मॉनिटर माझ्या मांडीवर दिला, कीबोर्डसकट सीपीयू स्वतः कवटाळला, आणि आमची रिक्षा निघाली ती थेट कंपनीच्या कल्याणच्या ऑफिसात. तिथल्या साहेबांच्या टेबलावर सगळा संसार मांडून मामा म्हणाले, "तुमचं सॉफ्टवेअर करतं तरी काय, एवढंच सांगा."

"युजरनेम-पासवर्ड पाठवतं, काका."

"बस्स? ते मी माझ्या हाताने पाठवतो!"

बला टळावी म्हणून साहेबांनी वायर लावू दिली. मामा एका बोटाने टाइप करत गेले. दोनदा चुकलं. साहेब हसले. तिसऱ्यांदा बातम्यांचं पान उघडलं आणि अख्खं ऑफिस टेबलाभोवती जमलं.

"पण उद्या बंद पडलं तर आमचा माणूस येणार नाही हां," साहेब म्हणाले.

"नका पाठवू. तुम्ही चहाला या."

परतताना आता विजयाचं भाषण ऐकावं लागणार, अशी माझी तयारी होती. पण पत्री पुलावर रिक्षा अडकली तेव्हा मामा बाहेर बघत म्हणाले, "जावईबापू, नोकरीत जन्मभर 'हो साहेब' म्हणत आलो. चुकीचं दिसत असायचं, तरी 'हो साहेब'. पोरं लहान होती ना."

 मी मॉनिटर जरा घट्ट धरला.