दहा मिनिटांची फाईल

खर्ड्याच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा मला बिनतारी संदेशांचं वेड होतं, आणि ते लावलं जामखेडच्या काकांनी. काका नात्यातले नव्हते. फौजेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेले, घरी हौसेने हॅम रेडिओचा सेट चालवणारे. सोल्डरिंगपासून परवान्याच्या परीक्षेपर्यंत सगळं त्यांनी आपले रविवार घालवून मला शिकवलं. शेतमजुराच्या लेकीसाठी एवढं कोण करतं? पुढे रोज संध्याकाळी आम्ही सेटवर बोलायचो.

मग घशाच्या ऑपरेशनात त्यांचा आवाज गेला. आता सेट कुणाला तरी देऊन टाकतो, असं त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं तेव्हा मला रडू आलं आणि मी हट्टाला पेटले. सेटला कॉम्प्युटर जोडला तर टाईप केलेला मजकूर हवेतून जातो, असं वाचलं होतं. दोन महिने खटपट करून दोन्ही घरांत तशी जोडणी केली आणि एका रविवारी सकाळी त्यांना म्हटलं, तुमच्या सेटबांधणीच्या टिपणांची फाईल मला पाठवा. माझ्या हिशेबाने दहा मिनिटांचं काम होतं.

नऊला सुरू केलं, अकरा वाजले तरी निम्मीच. मी जात्याच उतावीळ. तारांवर, मॉडेमवर, स्वतःवर चरफडून झालं. चूक कुठेच नव्हती. दोघांना मिळून हवेतली वाट एकच होती. त्यांचा सेट पाठवायचा तेव्हा माझा गप्प, मग माझ्या सेटने टुर्रकन वाजून 'पोचलं' असं कळवायचं, तेव्हा कुठे पुढच्या चार ओळी. शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली की सेटवर खरखर होऊन अक्षरं बिघडायची आणि त्याच ओळी पुन्हा मागवाव्या लागायच्या. मी शहाणीने फक्त जाण्याचा वेळ धरला होता. थांबायचा, पोच द्यायचा, पुन्हा पाठवायचा वेळ धरलाच नव्हता.

काका कंटाळून सेट बांधून ठेवतील, या धास्तीने मी मध्येच थांबवलं आणि लिहिलं की राहिलेली फाईल फ्लॉपीत घालून एसटीच्या कंडक्टरकडे द्या, दुपारपर्यंत मिळेल.

मग इंग्रजी अक्षरांतलं त्यांचं मराठी पडद्यावर उमटलं.

"फ्लॉपी मुकाट्यानं येईल, पोरी. हितं दर चार ओळींला तुजा सेट पोचलं म्हनतो, त्यो आवाज मला ऐकू येतोय. माजा आवाज गेल्यापासून माज्या बोलन्याला इतक्यांदा कुनी हुंकार दिला न्हाई."

मी डोळे पुसले आणि सावकाश पाठवा म्हणून लिहिलं. फाईल दीड वाजता पूर्ण झाली. लगेच त्यांनी विचारलं, आता दुसरी कुठली पाठवू?