नदीच्या वळणावरचं मूल

अशा गोष्टी कुणी सांगू लागलं की मी उठून जात असे. कॉलेजात गेलेला मी घरातला पहिलाच. असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायचा तर शिकून उपयोग काय, असं वाटायचं. तरी हे लिहितो आहे... धीर करून.

हैदराबादला आमच्या कॉलेजच्या वाचनालयात युरोपातल्या एका जुन्या फ्लेमिश चित्राची छापील प्रत टांगलेली आहे. उंचावरून पाहिलेला मुलूख — जवळची शेतं तपकिरी, लांबचे डोंगर निळे आणि मधे मुंगीएवढी माणसं, सगळी आपापल्या कामात वाकलेली. इतक्या लहान पाठींतही कोण दमलंय ते कळतं! एकदा सरांनी मला चित्राचा अर्थ सांगायला उभं केलं. मी चाचरत म्हणालो, "डावीकडं नदीच्या वळणावर, झाडाआड, एक मूल पाण्यात पाय सोडून बसलंय. कुणाचंच तिकडं लक्ष नाही. चित्र त्याचंच आहे."

सर चित्राजवळ गेले. मीही गेलो. झाडाआड नुसतं गवत होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "मियाँ, चष्मा लगाओ."

सर हसले नाहीत. "मूल नाही खरं," ते म्हणाले, "पण असायला हवं होतं."

त्याच वर्षी चैत्रात आई आणि धाकट्या बहिणीला, गयाला, घेऊन मी येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेला गेलो. पालखी आमराईकडं निघाली की लोक देवीची सेवा म्हणून रानातले चुनखडीचे खडे वेचतात. आम्हीही वेचू लागलो.

"गया कुठं हाय रं?" आईनं विचारलं.

"तुझ्यापाशी होती न्हवं?"

"मला वाटलं तुझ्यामागं आली."

मी टेकाडावर चढलो. खाली नजर पोचेल तिथवर वाकलेल्या पाठी. एकाचीही मान वर नाही. हे मी आधी पाहिलं होतं... हाकसुद्धा न मारता मी डावीकडं ओढ्याच्या वळणाकडं पळालो. झाडाआड गया डोहात पाय सोडून बसली होती. खडे धुवायला ती पुढं झुकली, अन् तिचा तोल जाता जाता मी दंड धरला.

आईनं आधी तिला एक धपाटा घातला, मग उराशी धरलं. "तुला कसं कळलं रं?"

"कॉलेजातल्या चित्रात दिसलं होतं."

तिला यात नवल वाटलं नाही. "मग ज्यानं चितारलंय त्याला सांग बाबा, लेकरू घावलं म्हणून. त्येच्याबी जिवाला घोर लागला आसंल."

चितारणारा जाऊन शतकं लोटली, हे मी तिला सांगितलं नाही. परत आल्यावर चित्र कितीदा तरी पाहिलं. तिथं गवतच आहे. मला याचा उलगडा होत नाही. पण एका दुपारी वाचनालयात कुणी नाही असं बघून मी चित्रासमोर उभा राहिलो आणि हळूच म्हणालो, "घावली."