कोरसमावशीची शेपटी

आमच्या रिठदच्या गायन पार्टीतल्या कोरसमावशीच्या गळ्यात सूर सोडून सगळं होतं. आम्ही ध्रुपद संपवून गप्प झालो की तिचा शेवटचा शब्द मागून एकटाच यायचा, अगदी आरामात, बाजारातून रमतगमत घरी आल्यासारखा. ती शेपटी संपली की मगच मी पुढचं कडवं उचलायचो. एवढा मान गावात सरपंचालाही नव्हता.

मुख्य गायक मी. आवाज बरा आहे असं लोक म्हणतात. मी कशाला नाही म्हणू? पण विहारात तालमीला बसलो की माझं गाणं ऐकायला माणूस म्हणून उरायचा नाही. दारात कुणी उभा दिसला की मावशी त्याच्या हातात झांज द्यायची. "नुसतं आयकायले तू का पाहुणा हायेस? बस अन् म्हण!" चहा घेऊन आलेला पोरगा, सोयाबीन सोंगून थकलेल्या बाया, सगळे कलाकार! "मावशी, मग आयकनार कोन?" मी एकदा विचारलंच. "आपुनच आयकू ना. आपले कान का भाड्यानं देले?"

मला मात्र कारंज्याच्या स्पर्धेचा कप हवा होता. दरवर्षी जायचं आणि हात हलवत परत यायचं. गेल्या साली तर परीक्षकांनी माईकवरून विचारलं, "मागे कोण रेंगाळतंय?" आम्ही माना खाली घातल्या. मावशीने हात वर केला. "मीच हावो, साहेब!"

परतीच्या एसटीत मी भडकलो. "पुढच्या साली तू गाऊ नको. नुसत्या टाळ्या वाजव." मावशी शेंगा फोडत होती. "बापू, तुले एकट्यालेच गायचं असन तं घरी बाथरूम बांधलं ना, तिथी गा. पार्टी कायले पाह्यजे?" सगळी एसटी हसली, कंडक्टरसुद्धा. वर मूठभर शेंगाही तिने मलाच दिल्या.

उन्हाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि मावशी गेली. कुणाला एकट्याने गाऊ न देणारी बाई, स्वतः मात्र खुशाल एकटी निघून गेली.

यंदा कारंज्याला गेलो. माझी अडचण दूर झाली होती म्हणा! ध्रुपद संपलं, सगळे एकदम थांबले. मी पुढच्या कडव्यासाठी तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. ढोलकीवाल्याचा हात वरच. झांजा गप्प. कुणीच पुढे जाईना. शेवटी मीच कसंबसं कडवं उचललं. दर ध्रुपदाला हेच.

परीक्षक उठून उभे राहिले. "दोन ओळींमधली ही शांतता! काय रियाज असेल!" पहिलं बक्षीस आम्हालाच. कप चांगला हातभर उंच आहे, सोनेरी. तो घेताना मी रडलो, तर त्यांना वाटलं आनंदाने.

आता त्या जाणकारांना कोण सांगणार, की आम्ही सगळे मावशीचं म्हणून व्हायची वाट पाहत होतो.