वहिनीची आडवी छत्री

मी महाडला नोकरीला. तिथल्या एसटी स्टँडवर चहा पीत होतो, तेव्हा पुतण्याचा फोन आला. "काका, आयेला गाडीनं उडवली..." पुढचं मला ऐकूच आलं नाही. सुमनवहिनी गेली. ज्या रस्त्यासाठी ती इतकी वर्षं भांडली, त्याच रस्त्यावर, पोलादपूरचा बाजार करून पायी घरी येताना. गाडीवाला थांबलासुद्धा नाही. महिना झाला, माझा राग काही जात नाही. काढू कोणावर, तेही कळत नाही.

आमची वाडी कापडे गावाजवळ. पोरांना शाळेत रस्त्याच्या कडेनंच जावं लागतं, आणि कड कसली डोंबलाची, गटार आणि झुडपं! महाबळेश्वरला सुटलेल्या गाड्या अंगाला घासून जातात. पोरींना शाळेसाठी सायकली मिळाल्या, त्या पडवीत पेंढ्याखाली पडल्यात. चालवायच्या कुठे? मग वहिनीच रोज पोरांची रांग घेऊन निघायची. गाड्यांच्या बाजूला स्वतः, आणि छत्री उघडून आडवी धरलेली. भर उन्हाळ्यातसुद्धा. मी चिडवायचो, "वहिनी, ढग कुठं दिसला तुला?"

"भावजी, त्यांना माणूस दिसत नाय. छत्री तरी दिसते."

तिचं मागणं एवढंच, की चालायला आणि सायकलीला एक वेगळी वाट हवी. त्याचा निधी आमदारांनी मनावर घेतला तर मिळतो, असं कोणीतरी सांगितलं आणि तिनं पिच्छाच धरला. दिसेल त्या सभेत उभी राहायची. शेवटी काही आमदार मुंबईहून पाहणीला येणार, असं ठरलं. वहिनी हरखून गेली. "मी काय बोलणार नाय. एकदा चालू दे त्यांना या कडेनं, बस!"

आणि आम्ही काय केलं? पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशी अख्खी वाडी कोयते घेऊन रस्त्यावर! झुडपं तोडली, गटारावर फळ्या टाकल्या, मुरूम पसरला. बायकांनी रांगोळ्या काढल्या. वहिनी एकेकाच्या हातातला कोयता ओढत होती. "नका रे! हाय तसं बघू दे त्यांना!" ऐकतो कोण? "पाहुण्यांना काय चिखलातून चालवायचं गो?" पाहणीच्या वेळी पोलिसांनी गाड्या थोपवल्या. आमदार आरामात चालले. त्यातले एक मनापासून म्हणाले, "किती छान वाट ठेवलीय तुम्ही!" मुरूम पावसात वाहून गेला. निधी काही आला नाही.

बाराव्याला मोठी माणसं सांत्वनाला येणार, असा निरोप आला. सकाळी बाहेर बघतो तर वाडी पुन्हा कोयते घेऊन कडेला. मी ओरडलो, "राहू दे रे ती झुडपं!" शेजारच्या काकी कळवळून म्हणाल्या, "असं कसं भाऊ? तिच्या दाराशी येणाऱ्याला काटा लागला तर?" सगळी तिचीच माणसं. रडत होती आणि झाडत होती.

छत्री दाराआड खुंटीला आहे. पोरं रोज सकाळी अंगणात येऊन उभी राहतात, कोणी बोलावत नाही तरी. मग मीच छत्री उघडतो, गाड्यांकडे आडवी धरतो आणि त्यांच्याबरोबर निघतो. सोमवारी माझी रजा संपते.