राखणदाराच्या पोरीचा देश

आमच्या शाळेत खेळाचा शिक्षक नव्हता, म्हणून मुलींचा फुटबॉल माझ्या गळ्यात पडला. मी मराठी शिकवते. मालवणात वाढले, लग्न होऊन देवगड तालुक्यात आले आणि कुणकेश्वरजवळच्या या हायस्कुलात वीस वर्षं काढली. फुटबॉलचे नियम मी मोबाइलवर बघून शिकले. ओहोटी लागली की मुलींना पुळणीवरच्या वाळूत न्यायचं, चार चपला पुरून दोन गोल करायचे आणि शिट्टी वाजवायची, एवढंच माझं प्रशिक्षण.

जिची ही गोष्ट, ती सातवीत असताना पहिल्यांदा खेळायला आली. हापूसच्या एका मोठ्या बागेत तिचे आईवडील राखणदार होते. आमच्याकडच्या बागा नेपाळ्यांच्या जिवावर उभ्या आहेत, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. वांदर हाकायचे, कलमांना पाणी घालायचं, मोहरावर फवारणी करायची, आंबा उतरवायचा, पेट्या भरायच्या. बाकीचे पावसाआधी गावी जातात, हे कुटुंब मात्र बारा महिने बागेतल्या खोपीतच राही. मुलगी जन्मली ती इथल्याच सरकारी दवाखान्यात. अंगणवाडी इथली, शाळा इथली. घरात आईशी नेपाळी, बाहेर मालवणी आणि निबंधात माझ्या मुलीपेक्षा बरं मराठी.

कातळावर अनवाणी धावलेली पोर ती. वाळूत बाकीच्यांचे पाय रुतायचे, हिचे रुतत नसत. चेंडू पायाशी आला की ती मान वर करून आधी कोण कुठे आहे ते बघायची आणि मगच चेंडू सोडायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मला तर ते येतच नव्हतं.

नववीत ती जिल्ह्याच्या संघात गेली आणि दहावीत राज्याच्या. तेव्हा गावाच्या नाक्यावर फलक लागला. तिचा फोटो बोटभर आणि पुढाऱ्यांचे हातभर. खाली ‘कोकणकन्या’. तिच्या बापाला मी विचारलं, फलक बघितलास का? तो नुसता हसला. फलक लावताना त्याला कुणी बोलावलंच नव्हतं.

राज्याचा अर्ज मीच भरला होता. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात न विचारता ‘भारतीय’ लिहिलं. आधार कार्ड होतं, जन्मदाखला होता, शाळेचा दाखला होता. विचारायचं काय त्यात? आज त्या अर्जाची आठवण आली तरी मला स्वतःचा संताप येतो.

मग सतरा वर्षांखालच्या देशाच्या संघासाठी सराव शिबिराचं बोलावणं आलं. सोबत पासपोर्ट आणायचा होता. आम्ही देवगडहून एसटीने कसालला उतरलो, तिथून पुढे पासपोर्टच्या कचेरीत गेलो. ती, तिचा बाप आणि मी. खिडकीतल्या माणसाने कागद चाळले आणि बापाला विचारलं, “तुम्ही कुठले?”

“नेपाळ,” तो म्हणाला.

“आणि हिची आई?”

“ती पण.”

त्याने कागद माझ्याकडे सरकवले. “मॅडम, दोघंही आईबाप परदेशी. ही भारतीय नागरिक नाही. पासपोर्ट होणार नाही.”

“अहो, ही इथेच जन्मली. हा बघा दाखला.”

“जन्म इथला असून चालत नाही. दोघांपैकी एक तरी भारतीय हवा होता. आधार हे नागरिकत्व नव्हे.” त्याचा आवाज चढला नाही की काही नाही. पुढचा नंबर पुकारला.

त्या माणसावर मी वर्षभर चिडून होते. खरं तर तो एकटाच खरं बोलला होता. बाकी सगळ्यांनी मला झुलवलं. एकाने अर्ज करायला सांगितलं, दुसऱ्याने वरून शब्द टाकतो म्हटलं. फलकावरच्या पुढाऱ्यांपैकी एकाकडे मी चार वेळा गेले. तिसऱ्या खेपेला त्याने विचारलं, “ती गुरख्याची पोरगी ना?” तेव्हाच परत फिरायला हवं होतं. चौथ्यांदाही गेले.

शिबिर सुरू झालं आणि संपलं. तिच्या जागी दुसरी कुणी गेली. शिक्षकांच्या खोलीत एक सहकारी चहा पिता पिता म्हणाले, “एका अर्थी बरंच झालं. परक्या देशाची पोर, आपल्या पोरींची जागा अडवून बसली असती.” मी कप खाली ठेवला आणि सर्वांसमोर त्यांना विचारलं की ते दरवर्षी जो हापूस पाहुण्यांना पाठवतात, तो कुणाच्या हातचा असतो? त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. मला त्याचं काही वाटत नाही.

याच दिवसांत एकदा तिचा बाप शाळेत आला. वर्गाबाहेर उभा राहून, मालवणीत, पण हळूच म्हणाला, “बाई, आमच्या गावचो कागद काढूया काय? थंय माझी नागरिकता आसा. सोळा पुरी झाली की पोरांका मेळता. ती नेपाळकडसून खेळात.”

“थंय कित्याक?” मी जवळजवळ ओरडलेच. “ती हयची आसा. हयसूनच खेळतली.”

तो मान डोलावून बागेकडे गेला. माझा शब्द तो कधी मोडत नसे, कारण मी बाई होते आणि तो राखणदार. पोरीला काय हवं आहे हे मी विचारलं नाही. ती आमची आहे असं मी ठरवून टाकलं होतं, आणि त्या हट्टात आठ महिने गेले. सतरा वर्षांखालच्या खेळाडूचे आठ महिने.

शेवटी सगळीकडून नकार आल्यावर मी तिला सांगायला बागेत गेले. ती खोपीबाहेर पेट्यांसाठी पेंढा सोडवत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बाई, मगे मी खंयची? हयची काय थंयची?”

मी तिच्याशेजारी बसून पेंढा सोडवू लागले. तिची आई आतून म्हणाली, “ह्येंका तां माहीत असता तर ह्यो घोळ झालो नसतो.” ती बाई माझ्यावर तेवढी एकदाच रागावली. रागावली ते योग्यच होतं.

मग ती बापाबरोबर नेपाळला गेली. कणकवलीहून मुंबई, पुढे आगगाडीने दोन दिवस, सीमा ओलांडून बस, आणि शेवटी डोंगरात पायी. तिने ते गाव त्यापूर्वी दोनदाच बघितलं होतं. तिथल्या कचेरीत बापाची नागरिकता, म्हणजे नागरिकत्वाचा दाखला, दाखवली, तिचा जन्मदाखला दाखवला. अधिकाऱ्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले. नागरिकतेवर बापाचं खरं नाव होतं. जन्मदाखल्यावर लिहिलं होतं ‘बहादूर’.

तेवढंच. आमच्या दवाखान्यात नोंद करणाऱ्याने बापाला नाव विचारण्याची तसदीसुद्धा घेतली नव्हती. इथे प्रत्येक नेपाळी पुरुष म्हणजे बहादूर. मीसुद्धा त्याला कित्येक वर्षं त्याच नावाने हाक मारली. त्याचं खरं नाव मला तिने तिथून केलेल्या फोनवरून कळलं तेव्हा पोर माझ्या वर्गात येऊन चार वर्षं झाली होती. दाखला मी किती वेळा हातात घेतला होता! ‘बहादूर’ वाचलं आणि मला काही वावगं वाटलं नाही.

“हा तुझा बाप कशावरून?” त्या अधिकाऱ्याने तिला विचारलं. ती नेपाळीत उत्तर देऊ लागली, तर तो हसला आणि म्हणाला की ही तर इंडियन बोलते. दोघं कागदाशिवाय परत आली.

दाखल्यातलं नाव बदलायचं, तर हा माणूस आणि तो बहादूर एकच, असं कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं. मी बागेच्या मालकाकडे गेले. पोर जन्मली तेव्हा ही दोघं त्याच्याच बागेत होती. त्याने मला खुर्ची दिली, कोकम सरबत दिलं, पण कागद दिला नाही.

“बाईनू, माका ह्या भानगडीत घालू नकात,” तो म्हणाला. “उद्या कोण इचारीत, इतकी वर्सां ठेवलस तर नोंद खंय आसा? मी काय सांगू?”

“पण तुमका माहीत आसा मा तो कोण तो?”

“माहीत आसा. लिवन देवचंय नाय.”

सरबत तसंच ठेवून मी उठले. मग प्रतिज्ञापत्र मी केलं, दवाखान्यातल्या एका निवृत्त परिचारिकेने दुसरं केलं. तिला बाळंतपण आठवत होतं. बाप बाहेर पायरीवर बसून रडत होता, असं तिने सांगितलं. नाव बदलून यायला पाच महिने लागले. बापलेक पुन्हा गेली. या वेळी कागद झाला.

तोवर ती सतरा पार करून गेली होती. ज्या संघासाठी हा सगळा खटाटोप, त्याचा वयाचा दरवाजा दोन्ही देशांकडून बंद झाला होता.

आता ती एकोणीस वर्षांची आहे. दुसऱ्या एका राज्यात महिलांच्या क्लबमधून खेळते. तिथे तिची नोंद परदेशी खेळाडू अशी आहे. देवगडच्या दवाखान्यात जन्मलेली, माझ्याकडे मराठी शिकलेली मुलगी परदेशी! मैदानावर एका वेळी मोजक्याच परदेशी खेळाडू उतरवता येतात, आणि त्या जागा क्लबने लांबून आणलेल्या मोठ्या खेळाडूंना जातात. त्यामुळे ही बहुतेक सामने बाहेर बाकावर बसून बघते. तिच्याहून कमी दर्जाच्या मुली खेळतात, कारण त्यांच्या आईबापांचे कागद बरोबर आहेत. नेपाळच्या मोठ्या संघाच्या निवडीला ती एकदा जाऊन आली. तिकडच्या प्रशिक्षकाने तिला आधी कुठे पाहिलेलंच नव्हतं. पुन्हा ये, म्हणाला.

या मे महिन्यात ती आंब्याच्या कामाला मदत करायला आली होती. गावात सत्काराची टूम निघाली. त्याच पुढाऱ्याचा माणूस शाल-श्रीफळाचं विचारायला माझ्याकडे आला. मी त्याला दारातच सांगितलं की आधी तिच्या बापाचं नाव काय ते सांग, मग बोलू. त्याला सांगता आलं नाही. तो गेल्यावर मी दार धाडकन लावलं.

ती मागच्या पडवीत बसून हे सगळं ऐकत होती. पुढे येऊन म्हणाली, “बाई, तुमी कित्याक एवढ्या रागावतास? माका खेळूक मेळता मा?”

“मेळता खंय? तू बाकार बसतंस.”

“सराव तर करतंय,” ती म्हणाली आणि माझ्या मुलीबरोबर चेंडू घेऊन पुळणीवर गेली. ओहोटी होती. मी गेले नाही. तिला राग येत नाही, हेही मला सहन होत नाही. तिच्या वाटणीचा रागही मलाच करावा लागतो, आणि त्यातला अर्धा तर माझ्यावरच आहे.