वानखडे सरांच्या फाइलमधली दुसरी ओळ

भुताखेतांचं मी कधी मनावर घेतलं नाही. बारा वर्षं मेल सर्व्हर सांभाळतोय. जिवंत माणसं रोज जे करून ठेवतात, तेच निस्तरता निस्तरता जीव जातो... पण हे एक डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

वर्ध्यातल्या एका नर्सिंग कॉलेजचं हे काम माझ्याकडे. मी राहतो सिंदी मेघेला, स्कूटरवर दहा मिनिटं. तिथले वानखडे सर मुलींच्या नोकऱ्यांचं काम बघायचे. सगळ्या ऑफिसचे पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेले, यांचा मात्र कोणाला माहीत नाही. मी कंटाळून एखाद्या फाइलची परमिशन सगळ्यांना खुली केली की चिडायचे — "साऱ्यायले चाबी देतं, त मंग कुलूप काऊन लावतं बे?" महत्त्वाच्या प्रत्येक मेलची कॉपी मला पाठवायचे. मी त्या उघडतही नव्हतो.

दिवाळीनंतर सर हार्ट अटॅकने गेले. त्यांचं खातं मीच बंद केलं आणि त्यांच्या नावाने येणारे मेल त्यांच्या जागी आलेल्या नव्या मॅडमकडे फॉरवर्ड केले. मार्चमध्ये मॅडमना त्या फॉरवर्डच्या फाइलमध्ये, म्हणजे मेल कोणाकडे पाठवायचे ते जिथे लिहिलेलं असतं तिथे, काही बदलायचं होतं, जमेना. रोजची कटकट नको म्हणून मी ती फाइल सगळ्यांना खुली करून टाकली. दुसऱ्या दिवसापासून सरांच्या नावाचे मेल येणंच बंद. का, ते काही केल्या सापडेना.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी सर्व्हरसमोर डोकं धरून बसलो होतो. मॅडम अमरावतीला लग्नात, फोन बंद. दारात केळझरचे एक काका आणि त्यांची मुलगी वैशाली. पुण्याच्या हॉस्पिटलने तिचं नेमणूकपत्र सरांच्याच पत्त्यावर पाठवलं होतं. त्यावर त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत होकार गेला नाही, तर जागा दुसरीला.

"आला का जी मेल? पोरगी सकाळपासून जेवली नाई."

"पाहून राह्यलो जी काका," मी म्हणालो. खरं तर मला काहीच सुचत नव्हतं. लाज वाटत होती.

चार वाजता चहाला बाहेर पडलो. कप हातात असतानाच मोबाइल वाजला. नेमणूकपत्र... आणि तेही माझ्या मेलवर.

वैशालीचा होकार साडेचारच्या आत गेला. काका रडले.

मग ती फाइल उघडली. परमिशन बदललेली — लिहायचा हक्क फक्त मालकाला, आणि मालक वानखडे. कोणीही लिहू शकेल अशा फाइलवर सर्व्हर भरवसाच ठेवत नव्हता, मेल अडवून ठेवत होता, हे तेव्हा कुठे लक्षात आलं. आत दोन ओळी होत्या. पहिली मॅडमचा पत्ता, दुसरी माझा. मी ती कधी लिहिली नव्हती. बदलाची वेळ चार वाजून तीन मिनिटं. सर्व्हरचा पासवर्ड माझ्याशिवाय कोणाकडे नाही, आणि कोणी आत शिरल्याची नोंदही नाही.

बायको म्हणते, "थकले होते तुमी, तुमीच केलं असन." असेल. पण चार वाजून तीन मिनिटांनी मी टपरीवर उभा होतो.

मी आणखी शोधत बसलो नाही. ती दुसरी ओळ मात्र मी काढलेली नाही. सरांच्या नावाचे मेल अजून येतात. एकेक उघडून वाचतो.