देशाच्या गाण्यात नाव कामून?

मी सावित्रीबाई, संतपूरची. माझ्या नाकावर राग असतो, असं गावात म्हणतेत. असू द्या. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

आमचे मालक गुंडेराव, गवंडी. शाळा चौथीतच सुटली, पर गाणं रचावं तर त्यांनीच! परांचीवर उभं राहून वीट लावता लावता ओळ जुळवायचे. संध्याकाळी किशनराव मास्तर वही घेऊन यायचे. दोघं बालपणीचे दोस्त, एकमेकाला गुंड्या-किशन्या म्हणणारे. मालक सांगायचे, मास्तर लिहायचे, चहा मी करायची. चाळीस वर्षं असं चाललं. सव्वीस जानेवारी, पंधरा ऑगस्ट, मराठवाडा मुक्तीचा सतरा सप्टेंबर, दर झेंड्याला शाळेत मालकाचं नवं गाणं.

'पाया भरला बापानं, भिंत मी रं बांधीन,
देशा, तुझ्या घरासाठी जीव माझा सांडीन.'

आमच्यात गाण्याच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतंच. भीमगीतात मालक 'गुंडेराव सांगे' असं घालायचेच. देशाच्या पहिल्या गाण्यातबी घातलं होतं. तर मास्तर म्हणाले, "गुंड्या, देशाच्या गाण्यात आपलं नाव कामून? देश मोठा का तू मोठा?"

मालकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती ओळ त्यांनी लगेच खोडायला लावली. तवापासून देशाच्या एकाबी गाण्यात नाव न्हाई. मला तवाच खटकलं होतं, पर माझं कोण ऐकतंय!

औंदा पंधरा ऑगस्टच्या आधी मास्तरांचा निरोप आला, "आपल्या गाण्यांचं पुस्तक निघायलंय. शाळेत ये, गायचं हाय." 'आपल्या' म्हणाले, बरं का! मालकानं नवा सदरा शिवला. मी ठेवणीतलं लुगडं नेसले. झेंडा वर गेला, मालक गायले, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग पुस्तक वाटलं. वरच मोठ्या अक्षरात छापलं होतं, 'कवी : किशनराव'. सगळी पानं उलटली. शेवटी एका कोपऱ्यात 'गायन : गुंडेराव'. तेवढंच.

माझं डोकंच फिरलं. उभी राहिले आन् म्हटलं, "भावजी, ह्ये काय? जन्मात कधी ओळंबा हातात धरलाय का तुम्ही? कुणाचा पाया भरलाय?"

लोक हसले. मास्तर काही चळले न्हाईत. गळ्यात सत्काराचा हार तसाच. म्हणाले, "वैनी, वहीत अक्षर माझं हाय. गुंडेरावाची असतील गाणी, तर एका तरी कडव्यात त्याचं नाव दाखवा की."

मी मालकाकडं वळले. "अवो, बोला की! तोंड शिवलंय व्हय?"

मालक खाली मान घालून बसलेले. हळूच म्हणाले, "झेंड्यापुढं नको, सावित्री."

घरी येऊन दोन दिवस जेवले न्हाईत. तिसऱ्या दिवशी आपणच बोलले. "हाराचं दुःख न्हाई गं. मला वाटायचं, मी देशासाठी नाव खोडलं. ते किशन्यासाठी खोडलं होतं." आन् लहान लेकरासारखे रडले. लग्नापासून मी त्यांना कधी असं रडताना बघितलं नव्हतं.

माणसाला लाज असावी का न्हाई? महिना उलटला न्हाई तर मास्तर दारात हजर. बगलेत नवी कोरी वही. "गुंड्या, सतरा सप्टेंबर तोंडावर आलाय. काही सुचायलंय का?"

मी झाडू उचललाच होता. मालकानं हात आडवा केला, सतरंजी टाकली, मास्तरांना बसवलं.

"मास्तर, कवी तुम्ही हाव," मालक म्हणाले. "मी गवंडी. भिंत बांधायची असंल तर सांगा."

"आरं, मला 'तुम्ही' म्हणायलास?" मास्तर हसायला गेले, पर हसू काही आलं न्हाई. मास्तर बराच वेळ वहीची पानं चाळत बसले आन् मग उठून गेले.

सतरा सप्टेंबरला शाळेत पोरांकडून मालकाचं जुनंच गाणं म्हणवून घेतलं. कवीला नवं सुचलं नसंल, दुसरं काय! आमच्या घरापर्यंत पोरांचा आवाज येत होता. मी म्हटलं, "चला, निदान झेंड्याला तरी चला. झेंडा काय मास्तरांचा हाय?"

मालक उठले, सदरा घातला, उंबऱ्यापर्यंत गेले. तिथून माघारी आले आन् सदरा काढून खुंटीला लावला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझा नवरा झेंड्याला गेला न्हाई. गाणी नेली ते एक वेळ पोटात घालीन, मास्तर. ह्ये न्हाई घालणार.